पंप वाढवला तेव्हापासून

मित्रांनो, भिंगारच्या जुन्या बाजारामागे खाजाभाईंचं डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं खिडकीखालच्या फळीवर एक तेलकट लोखंडी पंप पडलेला दिसेल. त्या पंपाच्या टोकाला वीतभर डबा आहे आणि त्या डब्यात मी राहतो. मी ट्रॅक्टरचा गव्हर्नर, वयानं बराच जुना. हसू नका! गव्हर्नर म्हटलं की तुम्हाला मोठा बंगला, हिरवळ आणि दारातले पोलीस आठवणार. माझ्याकडे दोन लोखंडी वजनं, एक स्प्रिंग आणि एक दांडी, एवढाच संसार आहे. सगळी हयात इंजिनाच्या आवाजात गेली, म्हणून मी जरा ओरडून बोलतो, तेवढं सांभाळून घ्या. एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

आधी माझं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. तुम्ही फुगडी घातली आहे ना? हळू फिरलात तर दोघं जवळ राहता. जोरात फिरलात की अंग आपोआप बाहेर फेकलं जातं आणि हात ताणले जातात. माझी दोन वजनं इंजिनाबरोबर तशीच गरगर फिरत असतात. इंजिन जोरात पळायला लागलं की ती बाहेर फेकली जातात, आणि बाहेर जाता जाता दांडी ओढून डिझेल कमी करतात. इंजिनावर ओझं आलं, ते दमलं, की वजनं मंदावतात. मग स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि दांडी डिझेल वाढवते. झालं, एवढंच माझं काम! पण ते मी क्षणाक्षणाला करतो आणि ड्रायव्हरला पत्ताही लागू देत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथं मला चाचणीच्या यंत्रावर तासभर फिरवलं. मग एका बाईंनी माझा वरचा स्क्रू नेमका जिथं हवा तिथं बसवला, त्याच्यातून बारीक तार ओवली आणि शिशाची गोळी दाबून सील केलं. या स्क्रूनं ठरवलेल्या वेगापलीकडे इंजिनानं पळायचं नाही, असा त्या सीलचा अर्थ. त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या की शेजारणीशी बोलता बोलता हसल्या, ते मला आजही सांगता येणार नाही. पण मी मात्र ताठ झालो होतो.

नेवासा तालुक्यातल्या काकासाहेबांनी आमचा ट्रॅक्टर घेतला. काय दिवस होते ते! गव्हाच्या मळणीला आमच्या ट्रॅक्टरवर यंत्र लावायचे. कुणी दोन पेंढ्या टाको नाहीतर घाईघाईनं चार टाको, इंजिनाचा सूर हलायचा नाही. बांधावर बसलेली माणसं म्हणायची, "काकासाहेब, लई गुणाचा ट्रॅक्टर हाय तुमचा." काकासाहेब मिशीत हसायचे आणि बॉनेटवर हात फिरवायचे. बॉनेटवर बरं का! आत घाम गाळणारा मी, आणि शाबासकी पत्र्याला. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझी ओळख होती ती फक्त खाजाभाईंना. दोन-तीन वर्षांनी पंप त्यांच्याकडे यायचा, तेव्हा ते माझी वजनं बोटानं उघडझाप करून बघायचे आणि म्हणायचे, "हा आहे खरा कारभारी. बाकी सगळा तमाशा."

पुढे काकासाहेबांचे गुडघे गेले आणि स्टिअरिंग त्यांच्या मुलाच्या, ज्ञानेश्वरच्या हातात आलं. पोरगा वाईट नव्हता. कष्टाळू होता, बोलायला गोड होता. त्यानं दोन ट्रॉल्या जोडल्या आणि साखर कारखान्याची ऊस वाहतूक धरली. वीसेक टन ऊस मागे, आणि ओढायला आमचं एकट्याचं इंजिन. मला ते जमायचं. चढ आला की माझी वजनं आत, डिझेल जास्त. उतार आला की ट्रॉल्या मागून रेटायच्या, चाकं गिअरमधून इंजिनाला पळवू बघायची. तेव्हा वजनं पार बाहेर जायची आणि मी डिझेल जवळजवळ बंद करायचो. मग ते उपाशी इंजिनच चाकांना मागे धरून ठेवायचं आणि आम्ही मुंगीच्या पावलांनी खाली उतरायचो.

ट्रॉल्या भरायला पाथर्डीकडची एक टोळी होती. त्यात बन्सी आणि त्याची बायको लंकाबाई. तीन हंगाम त्यांनीच आमच्या ट्रॉल्या भरल्या. त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कारखान्याजवळ होत्या, म्हणून दुपारी ट्रॉल्या भरून झाल्या की टोळीतली पाच-सहा माणसं उसावर चढून बसायची आणि आमच्याबरोबरच परतायची. लंकाबाई मागच्या ट्रॉलीवर बसायची. ज्ञानेश्वर तिला मावशी म्हणायचा, कारण सकाळी उसाच्या फडात पोचला की पहिली भाकरी तीच त्याच्या हातावर ठेवायची. निघताना ती दर वेळी वरून ओरडायची, "ज्ञानूबा, सावकाश घे रं, वर मान्सं हायेत!"

"हायेत म्हनून तर जपून नेतो, मावशी!" तो म्हणायचा.

मित्रांनो, हे तुम्ही नीट लक्षात ठेवा. उसाला काही दुखत नाही. मी जे काही आवरून धरत होतो, ते त्या वर बसलेल्या माणसांसाठी होतं. आणि हे मला त्या दिवसांत कळत होतं.

मग आला गोरक्ष. शेजारच्या गावातला, नव्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. त्याच्या ट्रॅक्टरवर हे एवढाले भोंगे. मागून गाणी वाजवत यायचा, हॉर्न द्यायचा आणि ओरडायचा, "ए ज्ञानू, बैलगाडी बाजूला घे!" कारखान्याच्या आवारात जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी लागतो. गोरक्षचा ऊस काट्यावर वजन होऊन खाली व्हायचा आणि आमचा तिथंच उभा. चहाच्या टपरीवर बाकीचे ड्रायव्हर ज्ञानेश्वरला विचारायचे, "काय पाटील, बैलांना पेंड घातली का आज?" तो हसायचा. पण सीटवर येऊन बसला की गिअरचा दांडा असा हिसडायचा, की मला आतपर्यंत धक्का बसायचा.

एक दिवस गोरक्षनंच त्याला सांगितलं, "पंप वाढवून घे. समदेच घेत्यात. सील तोडायचं, स्क्रू दोन आटे फिरवायचा, झालं."

ज्ञानेश्वर आधी खाजाभाईंकडे आला. दुकानासमोर शाळेची एक पिवळी बस उभी होती. खाजाभाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "नाही बेटा. हे सील मी फोडणार नाही."

"अहो, समदे वाढवत्यात खाजाभाई."

"वाढवू दे की. मला एक सांग, तुझ्या ट्रॅक्टरला ब्रेक आहेत. ट्रॉल्यांना आहेत का?"

ज्ञानेश्वरनं नाही म्हणून मान हलवली.

"ती बस बघ. तिला स्पीड लिमिटर लावलेला आहे. चाकं किती जोरात फिरतात ते तो मोजतो, आणि ठरल्यापेक्षा जास्त झालं की डिझेल तोडतो. तो निदान चाकाकडं बघतो. तुझा गव्हर्नर बिचारा फक्त इंजिनाकडं बघतो. आणि दोघांपैकी ब्रेक कुणीच मारत नाही, समजलं? त्यांच्या हातात फक्त डिझेल आहे. थांबवायचं काम तुझं."

"समजलं," ज्ञानेश्वर म्हणाला. पण त्याच्या डोक्यात बैलगाडी घुसली होती. परतीच्या वाटेवर एका पत्र्याच्या टपरीपुढे त्यानं ट्रॅक्टर थांबवला. तिथल्या माणसानं पक्कड घातली आणि तार तुटली. शिशाची गोळी खाली पडली, ती त्यानं चपलेनं बाजूला सारली. मग स्क्रू फिरवला. एक आटा. दोन आटे. अडीच.

काय सांगू तुम्हाला! माझी स्प्रिंग इतकी ताणली गेली की वजनांना बाहेरच पडता येईना. पूर्वी जिथं मी "पुरे" म्हणायचो, तिथं आता मला तोंडच उघडता येत नव्हतं. इंजिन त्याच्यापुढे कितीतरी पळाल्यावर माझी वजनं कशीबशी हलायची. त्या माणसानं डिझेलही वाढवलं होतं. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला आणि ज्ञानेश्वर आनंदानं ओरडला, "आता बोल म्हनावं गोरक्षला!"

दुसऱ्याच दिवशी त्यानं गोरक्षला मागे टाकलं. टपरीवर त्याच्या पाठीवर थापा पडल्या. संध्याकाळच्या आत नंबर लागला. सगळे खूश होते, मी सोडून. आणि लंकाबाई सोडून. खाली उतरल्यावर ती म्हणाली, "आज लई पळवली रं बाबा. उसाला धरून बसावं लागलं."

"सवय व्हईल, मावशी," तो म्हणाला.

पण वाढवलेला पंप डिझेलही तसंच पितो. टाकी भराभर रिकामी व्हायला लागली, तसे घरी काकासाहेब कुरकुरायला लागले. त्यांना पंपाचं काही माहीत नव्हतं. ज्ञानेश्वरनं पुन्हा गोरक्षचा सल्ला घेतला आणि गोरक्षनं दुसरी युक्ती सांगितली. "उताराला न्यूट्रल करायची. गाडी फुकटात पळती. काय डिझेल लागत न्हाई."

आमच्या रस्त्यावर ओढ्याचा एक उतार आहे. लांब, सरळ, आणि खाली अरुंद पूल. पहिल्यांदा तिथं त्यानं गिअर काढला तेव्हा मला आधी काही समजलंच नाही. अचानक इंजिनावरचा भार नाहीसा झाला आणि ते जागच्या जागी टुकटुक करायला लागलं. माझी वजनं आरामात फिरत होती. मला वाटलं, वा, ट्रॅक्टर कुठंतरी झाडाखाली उभा राहिला वाटतं! मग वाऱ्याचा आवाज आला. मागून ट्रॉल्यांचा खडखडाट आला. लंकाबाईची हाक आली, "ज्ञानूबा!" आणि तेव्हा मला कळलं, की चाकं मोकाट सुटली आहेत आणि माझा त्यांच्याशी काही संबंधच उरलेला नाही.

मित्रांनो, मी फार घाबरलो. डोळ्यांवर फडकं बांधून कुणाला पहाऱ्यावर बसवावं, तसं माझं झालं होतं. त्या दिवशी पूल मोकळा होता, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशीही निभावलं. पंधरा दिवस निभावलं. रोज निभावतं म्हटल्यावर माणूस त्यालाच हुशारी समजायला लागतो. ज्ञानेश्वर आता उताराला शीळ घालायचा. मला ओरडावंसं वाटायचं, की अरे, तुझ्यामागे माणसं बसली आहेत! पण मला आवाज कुठला? माझा आवाज म्हणजे इंजिनाचा आवाज, आणि तो तर अगदी शांत होता.

तो शुक्रवार होता. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे रस्त्यावर गुरांचे टेम्पो खूप. चारच्या सुमाराला आम्ही फडातून निघालो. लंकाबाईनं नेहमीसारखं वरून सांगितलं. ज्ञानेश्वरनं त्या दिवशी नुसता हात हलवला. त्याला पुढे गोरक्षचा धूर दिसत होता.

उताराच्या डोक्यावर त्यानं गिअर काढला. इंजिन टुकटुक करायला लागलं. अर्ध्यात आलो आणि खाली पुलावर दोन गाई घेऊन चाललेला एक टेम्पो दिसला. हळूहळू चालला होता बिचारा, आत जनावरं उभी होती म्हणून. ज्ञानेश्वरनं हॉर्न दाबला. टेम्पो जाणार कुठं? ज्ञानेश्वरनं गिअर टाकायला बघितलं. एवढ्या वेगात गिअर पडेना, नुसती खरखर झाली. मी तयार होतो हो! एकदा, फक्त एकदा इंजिन त्या चाकांना जोडलं असतं, तर माझ्यानं जेवढं झालं असतं तेवढं मी केलं असतं. पण गिअर काही पडला नाही. मग तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला.

ट्रॅक्टर अडला. ट्रॉल्या कशाला अडतील? त्यांनी मागून रेटलं. मागची ट्रॉली आडवी झाली, खडीवर घासत गेली आणि ओढ्याच्या बाजूला उलटली. ट्रॅक्टर पुलाच्या कठड्याला जाऊन धडकला आणि थांबला.

आणि इंजिन चालूच होतं. त्या सगळ्या किंकाळ्यांमध्ये आमचं इंजिन काही झालंच नाही असं टुकटुक चाललं होतं आणि माझी वजनं अगदी सुरेख गोल फिरत होती. मला त्याची अजून लाज वाटते.

टेम्पोतली माणसं धावली. बन्सी उसाच्या मोळ्या दोन्ही हातांनी उपसत होता आणि एकच शब्द ओरडत होता, "लंके! लंके!" बाकीच्यांना खरचटण्यावर भागलं होतं. लंकाबाई ट्रॉलीच्या फळीखाली सापडली होती. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

ज्ञानेश्वर रस्त्यात बसून रडत होता. लोकांनी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, "पंप बिघाडला. गाडी हातात ऱ्हायली न्हाई."

पंप बिघाडला! म्हणजे मी. मला इतका संताप आला की काय सांगू. वर्षानुवर्षं इमानानं काम केलं त्याचं हे फळ! पुढचे चार दिवस जो येईल तो ट्रॅक्टरकडे बोट दाखवून हेच बोलायचा. मी आतल्या आत धुमसत होतो. पण खरं सांगू? तो माझा राग तसा लहानच होता. कारण तिकडे दवाखान्यात एक बाई पाय नसलेल्या जागेवरची चादर चाचपून बघत होती.

आठवड्यानं ज्ञानेश्वर पंप काढून खाजाभाईंकडे घेऊन आला. खाजाभाईंनी मला उघडलं, पुसलं आणि चाचणीच्या यंत्रावर चढवलं. बराच वेळ फिरवलं. मग यंत्र बंद करून म्हणाले, "स्क्रू वाढवलाय. सील तोडलंय. ते तर दिसतंच आहे. पण गव्हर्नर मेलेला नाही. वेग वाढला की वजनं अजून उघडतात, डिझेल अजून तुटतं. उताराला गाडी पळाली कशी?"

ज्ञानेश्वर खाली बघत राहिला.

"गिअरमध्ये होती का?"

खाजाभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. ज्ञानेश्वर बसला आणि एकदम बोलायला लागला. "न्यूट्रल केली हुती. रोजच करत हुतो. खाजाभाई, मी काल दवाखान्यात गेल्तो. मावशीला बी म्हनलो की पंप बिघाडला. ती मला काय म्हनली ठाव हाय? म्हनली, मशीन हाय बाबा, त्याला काय कळतंय. तू नको रडू. तू जेवला का?"

एवढं बोलून तो हुंदके द्यायला लागला. खाजाभाईंचे डोळेही भरून आले होते, पण त्यांनी त्याची समजूत काढली नाही. ते म्हणाले, "तिनं तुला माफ केलेलं नाही, बेटा. तिनं या पंपाला माफ केलंय. जा, तिला खरं काय ते सांग."

"ती मला जवळ तरी करंल का मग?"

"नाही करणार कदाचित. तरी सांग."

तो गेला. मी फळीवर बसून वाट बघत राहिलो. खाजाभाईंनी माझी स्प्रिंग बदलली, स्क्रू जागेवर आणला, नवी तार ओवली आणि नवं सील मारलं. माझं सगळं पहिल्यासारखं झालं. आठ दिवसांनी ज्ञानेश्वर दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"सांगितलं?" खाजाभाईंनी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई म्हनली. तोंड भिंतीकडं केलं. मी लई वेळ बसलो हुतो. ती वळलीच न्हाई."

पंप न्यायला तो अजून आलेला नाही.

मित्रांनो, आम्हाला तेलपाणी करा, सील तोडू नका, हे तर मी सांगेनच. पण लोखंडाचं काय, लोखंड दुरुस्त होतं. मला तुमच्याकडून दुसरंच काही हवं आहे. तुमच्या घरात कुणी ना कुणी गाडी चालवत असेल. दादा असेल, काका असतील, बाबा असतील. त्यांना आज जेवताना विचारा, "उताराला तुम्ही गिअर काढता का?" ते म्हणतील, तुला काय कळतंय त्यातलं, गप जेव. तुम्ही गप बसू नका. आता तुम्हाला कळतंय. ते खरं सांगेपर्यंत विचारत राहा.